मदत हवी आहे: सिंगरच्या जुन्या छोट्या मशीनला किती द्यावेत?

शुभदा_क
कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा, उद्या सकाळी त्या बाईंना कळवायचंय. सिंगरचं जुनं छोटं काळं मशीन आहे, पेटीसकट. 400 म्हणताहेत. 1933 चं, हे मॉडेल निघालं त्या पहिल्याच वर्षाचं आहे म्हणून कमी करायला तयार नाहीत. घ्यावं का?

रानवारा
400 रुपयांत सिंगर? विचारताय काय, आधी उचलून आणा!

मधुकाका
मॉडेल कुठलं? हातमशीन आहे का? हातमशीन असेल तर आत होडीसारखं लांब शटल आहे की गोल बॉबीन, ते बघा. आमच्या आईचं 28 नंबरचं होतं, लाकडी घुमटाच्या पेटीतलं. त्याच्या लांब बॉबिनी शोधताना जीव जातो.

शुभदा_क
रुपये नाही हो, डॉलर! मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. हातमशीन नाही, मोटरचं आहे, पायाशी पेडल. डावीकडची फळी वर दुमडते. एका हाताने सहज उचललं मी.

गोधडीवाली
मग हे सिंगरचं फेदरवेट 221 मॉडेल. वजन जेमतेम 5 किलो, अंग ॲल्युमिनियमचं. इथल्या क्विल्ट, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्या बायका यावर जीव टाकतात, म्हणून भाव चढा आहे. साफ केलेलं, पेटी नि बॉबीन केस (खालच्या दोऱ्याची बॉबीन बसते ती धातूची वाटी) असलेलं 300 ते 500 पर्यंत जातं. पण 1933 वर विश्वास ठेवू नका. मशीन आडवं करा, तळाला नंबर असतो. त्याची अक्षरं काय आहेत?

उषाप्रेमी
400 डॉलरमध्ये झिगझॅग, काजं, सगळं करणारं नवं मशीन येतं. हे फक्त सरळ टीप मारणार. हौसेचे पैसे आहेत हे.

गोधडीवाली
झिगझॅग त्यांनी मागितलंय कुठे? सरळ टीप याच्यासारखी सुबक मारणारं नवं मशीन मला तरी त्या पैशांत दाखवा. माझ्याकडे दोन्ही आहेत, मी शिवून बोलतेय.

सुईदोरा
टाके खाली सैल पडत असतील तर वरचा ताण अर्धा फेरा आवळून पाहा. सुईसुद्धा बदला.

शुभदा_क
टाके ठीक आहेत. फोटो काढला होता, नंबर AJ ने सुरू होतो.

गोधडीवाली
1933 च्या नंबरांना AD असतं. AJ म्हणजे 1950 च्या आसपासचं, तुमच्या शेजारच्या एलिझाबेथ गावातल्या सिंगरच्या कारखान्यातलं. मशीन चांगलंच असणार, पण पहिल्या वर्षाचे जादा पैसे देऊ नका. बॉबीन केस जागेवर आहे ना? ती याची वेगळी असते, हरवलेली असेल तर अस्सल केसला बरेच पैसे पडतात. वायरचं रबर तडकलंय का आणि पेटी उघडल्यावर कुबट वास येतो का, तेही बघा. तो वास वर्षभर जात नाही.

मधुकाका
आणि मोटरीत तेल सोडू नका. तिला ग्रीस लागतं.

रानवारा
गोधडी हातानेच शिवावी हो. धावदोऱ्याची मऊ गोधडी मशीनवर होत नाही.

शुभदा_क
गोधडी नाही शिवायची. आईला ब्लाउज शिवायला हवंय. पुढच्या महिन्यात सांगलीला घेऊन जाणार आहे.

मधुकाका
अहो, हे आधी सांगायचं! ते मशीन 110 व्होल्टचं आहे, सांगलीला थेट लावलं तर मोटर जळेल. स्कॉटलंडला बनलेली 221के 220-230 व्होल्टची मिळतात, तसलं शोधा.

गोधडीवाली
एवढ्यासाठी हातातलं सोडायला नको. मोटर शंभर वॉटच्याही आतली आहे. 300 वॉटचा 220 ते 110 चा ट्रान्सफॉर्मर सांगलीतच घ्या, चांगला जड लोखंडी. प्रवासात नेतात ती प्लगएवढी हलकी डबी मात्र याला लावू नका.

उषाप्रेमी
म्हणजे म्हाताऱ्या बाईंनी रोज ट्रान्सफॉर्मर लावायचा. सांगलीत उषा घेऊन द्या, कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करील.

शुभदा_क
आईकडे उषा आहे. तिला खाली मांडून बसता येत नाही आणि ते उचलवत नाही, म्हणूनच हलकं हवंय. 325 सांगते, 350 च्या वर जाणार नाही. बॉबीन केस बघूनच पैसे देईन. जादा बॉबिनी इथूनच न्याव्यात का?

गोधडीवाली
डझनभर न्या. 221 साठीच्याच मागा. दुसऱ्या मशीनच्या 15 नंबरच्या बॉबिनी यात बसत नाहीत.