दहा गुंठ्यांत गुच्छांसाठी हंगामी फुलं लावायची आहेत, सुरुवात कशाने करू?

रानजाई
नमस्कार मंडळी. घराला लागून दहा गुंठे मोकळे आहेत. विहिरीला पाणी आहे, ठिबक आधीच टाकलेलं आहे. लांब दांड्याची हंगामी फुलं लावून आठवड्यातून दोनदा तयार गुच्छ बांधून द्यायचे, असं डोक्यात आहे. सुटी फुलं विकायची नाहीत.
मर्यादा आधीच सांगते. खर्च बियाणं, कंद आणि बादल्या एवढ्यापुरताच. पॉलीहाऊस नाही, शीतखोली नाही, पहिल्या वर्षी होणारही नाही. कामाला मी आणि अर्धा दिवस मदतीला एक मावशी. तीन-चार जाती सुचवा, आणि कापल्यावर फूल जास्तीत जास्त कसं टिकवायचं तेही सांगा.

हरितगृही
ताई, पॉलीहाऊस करा आणि जरबेरा लावा. माझा आहे, एकदा लावला की दोन-अडीच वर्षं फुलं चालू राहतात. उघड्यावरच्या फुलाची वाट लावायला पावसाची एक जोरदार सर पुरते.

रानजाई
दादा, पॉलीहाऊस नाही असं वर लिहिलंय.

हरितगृही
वाचलं. पण छोटं तरी कराच. पुढे करावं लागणारच आहे.

मातीशी_नातं
झिनिया. दुसरं काही नाही लावलं तरी चालेल. बी थेट गादीवाफ्यावर टोचा, माती ऊबदार हवी. रोप वीतभराचं झालं की पानांच्या तीन-चार जोड्या ठेवून शेंडा खुडा. जीव होत नाही खुडायला, पण न खुडलेलं झाड एकच जाड दांडा देतं आणि खुडलेलं फुटवे फोडून लांब दांडे देत राहतं. जितकं कापाल तितकं फुलतं.
कापणीची खूण महत्त्वाची आहे. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवा. मान लवली तर फूल कच्चं आहे, कापलंत तर फुलदाणीत माना टाकेल. दांडा ताठ राहिला की कापा.

सूर्योपासक
झिनियाला भुरी येते हे कोणी सांगत नाही. हंगामाच्या शेवटी पानं पीठ शिंपडल्यासारखी होतात. त्यापेक्षा सूर्यफूल. एका दांड्याचं, परागकण न झडणारं वाण घ्या. प्रोकट आणि सनरिच ही दोन्ही चांगली. पेरणीपासून साधारण दोन महिन्यांत फूल हातात. १५ सेंमी अंतरावर दाट पेरा, म्हणजे फूल गुच्छात बसेल एवढंच राहतं. मोकळं पेरलं तर ताटाएवढं होतं आणि गुच्छ एका बाजूला कलतो. याचा शेंडा मात्र खुडायचा नाही. एका झाडाला एकच फूल, म्हणून दर आठवड्याला थोडं थोडं पेरत राहा.

मातीशी_नातं
भुरी दमट हवा कोंडली आणि झाडं दाटली की जास्त येते. झाडांत २५-३० सेंमी अंतर ठेवलं, वारा खेळता राहिला की पुष्कळ आटोक्यात राहते. आणि एका फुलासाठी अख्खं झाड लावायचं, हे दहा गुंठ्यांत मला पटत नाही.

सूर्योपासक
दोन महिन्यांत वाफा रिकामा होतो, तिथे दुसरं पीक येतं. हिशेब तुम्हीच करा.

कंदमूळ
ग्लॅडिओलस घ्या, पण कंद डोळ्यांनी बघून. मला एका रोपवाटिकेने जे दिले त्यांत आतून तपकिरी कुज होती. उगवले, पिवळे पडले, संपले. तक्रार केली तर पाणी जास्त झालं म्हणाले. कंद हाताला टणक लागला पाहिजे, बुडाशी डाग नको.
चांगला कंद मिळाला तर यासारखं पीक नाही. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा कापायचा, बाकीच्या पाण्यात उमलतात. झाडावर चार तरी पानं सोडायची, नाहीतर पुढच्या वर्षीचा कंद पोसत नाही. आणि कापलेले दांडे उभेच ठेवा. आडवे ठेवले तर शेंडे वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत.

शीतल_छाया
शीतखोलीशिवाय हा धंदा होत नाही, स्पष्ट सांगते. माझी आहे म्हणून मी दोन दिवसांची फुलं एकत्र विकू शकते.

मातीशी_नातं
झिनिया शीतखोलीत ठेवून पाहा. फार गारठा लागला की पाकळ्या काळवंडतात. सगळ्या फुलांना थंडी मानवत नाही.

शीतल_छाया
झिनियाचं कोण बोलतंय? मी कार्नेशन ठेवते.

बांधणीवाली
ताईंचा दुसरा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला. फूल टिकणं कापणीच्या वेळेवर आणि बादलीवर अवलंबून असतं. पहाटे कापा, दांड्यांत पाणी भरलेलं असतं. बादली शेतात सोबत न्या, कापलं की लगेच पाण्यात. पाण्यात बुडेल ते प्रत्येक पान ओरबाडून काढा, बुडालेलं पान कुजतं आणि दांड्याच्या तोंडाशी जिवाणू साचून पाणी चढणं थांबतं. मग सावलीत, वारा थेट न लागणाऱ्या जागी चार-पाच तास तसंच राहू द्या. बांधणी त्यानंतर. बादल्या रोज साबणाने घासा. ज्या बादलीतलं पाणी तुम्ही तोंडाला लावणार नाही, तिच्यात फूल ठेवू नका. आणि पिकत्या फळांच्या खोलीत फुलं कधीच नकोत, फळांतून निघणाऱ्या इथिलीनने ती लवकर गळतात.

जुना_माळी
पाण्यात तांब्याचं नाणं टाकावं. आम्ही कायम टाकतो. आणि दांडा तिरकाच कापायचा.

सूर्योपासक
तिरक्याने काय फरक पडतो? धार चांगली हवी, दांडा चेंगरायला नको.

जुना_माळी
तिरका दांडा तळाला चिकटून बसत नाही, तोंड मोकळं राहतं. एवढी वर्षं करतोय.

बांधणीवाली
तिरकं कापायला हरकत नाही, पण नाण्यावर भिस्त ठेवू नका. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि चमचाभर घरगुती ब्लीच, सगळे चहाचे चमचे. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच चैन होते, म्हणून ब्लीच हवंच. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि दांडा बोटभर पुन्हा कापा.
बांधणीबद्दल: पहिला दांडा डाव्या हातात धरा, पुढचा प्रत्येक दांडा त्याच्यावर एकाच दिशेने तिरका ठेवा आणि दर वेळी जुडी थोडी फिरवा. खाली मळसूत्रासारखा पीळ पडतो, फुलं एकमेकांना चेंगरत नाहीत. बांधायची दोरी सगळे दांडे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथेच. फुलदाणीच्या दीडपट उंची फुलांची ठेवा. दांडे खोचायचा हिरवा फोम वापरू नका, तो कुजत नाही, त्याचा बारीक चुरा मातीत आणि पाण्यात जातो. त्याऐवजी तोंडरुंद भांड्यात तारेच्या जाळीचा गोळा करून बसवा.

हरितगृही
पॉलीहाऊस असतं तर पहाटे उठायचीही गरज नाही.

बांधणीवाली
पहाटेची गरज पॉलीहाऊसमध्येही असते.

मोकळं_रान
भर घालणाऱ्या फुलांचं कोणी बोललं नाही. सगळी मोठीच फुलं लावली तर गुच्छ बनत नाही. शेपू फुलोऱ्यावर येऊ द्या, पिवळ्या छत्र्या सुंदर दिसतात. गोल्डन रॉडही चालतो. अवांतर: डेलिया घेणार असाल तर पाऊण उमललेली कापा, कळी कापली तर पुढे उमलत नाही.

कंदमूळ
+१. आणि ग्लॅडिओलसचे कंद टणकच घ्या.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वाचून ठरवलं. झिनिया, सूर्यफूल आणि ग्लॅडिओलस या वर्षी नाही. तुऱ्याचा कोंबडा, गोम्फ्रेना, स्टॅटिस आणि हेलिक्रायसम लावते, भर म्हणून शेपू. कारण शीतखोली नाही हीच माझी खरी अडचण आहे. या फुलांचे ताजे गुच्छ होतात आणि जे उरेल ते सुकवून पुढे विकता येतं. सूर्यफूल उरलं तर चौथ्या दिवशी फेकावंच लागेल. कापणी आणि बादल्यांचं सगळं बांधणीवाली ताईंनी सांगितलं तसंच करणार.

सूर्योपासक
सुकी फुलं घेतं कोण? चार ओळी तरी सूर्यफूल लावा.

मातीशी_नातं
माझं मत झिनियाच. पण कोंबड्याचाही शेंडा खुडता येतो, मधला तुरा लहान असतानाच. बाजूचे तुरे गुच्छाच्या मापाचे येतात.

बांधणीवाली
सुकवायचं असेल तर प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. हेलिक्रायसम पूर्ण उमलायच्या आत कापा, बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडल्या की बास. सुकताना ते उमलतच राहतं आणि उशिरा कापलं तर मधला भाग पांढुरका होऊन विस्कटतो. स्टॅटिस उलट, बहुतेक सगळी फुलं उघडल्यावर. गोम्फ्रेना गोंडा पूर्ण भरल्यावर. कोंबड्याचं काळं बी झडायला लागायच्या आत. लहान जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगा. उजेडात रंग उडतो. दांडे वाळताना आकसतात, म्हणून सुतळी नको, रबर लावा.

रानजाई
रबराचं लक्षात आलं नसतं. हेलिक्रायसमचे दांडे वाळल्यावर फुलाचं वजन पेलत नाहीत असं ऐकलंय, त्याला काय करता?

बांधणीवाली
फूल ताजं असतानाच दांडा काढून बुडातून बारीक तार वर खुपसा. वाळताना फूल तारेला घट्ट धरतं. वाळल्यावर खुपसलीत तर तुटतं.