चॅन्सलर म्हणजे कुलपती? गोर्चाकोव, मुत्सद्दी आणि वशिला

मंडळी, एक शब्द अडलाय आणि त्याच्या नादात आणखी चार अडलेत, म्हणून हा धागा.

एका दिवाळी अंकासाठी अलेक्झांडर गोर्चाकोववरचा लेख मराठीत आणतेय. पहिल्या खर्ड्यात बिनधास्त लिहून बसले, "रशियाचे कुलपती राजपुत्र गोर्चाकोव". नवऱ्याला वाचायला दिलं तर म्हणतो, कुठल्या युनिव्हर्सिटीचे? हसू नका. डिक्शनरीत चॅन्सलरपुढे कुलपती आहे आणि प्रिन्सपुढे राजपुत्र, आणि इथे दोन्ही साफ चूक.

माणूस कोण ते थोडक्यात सांगते म्हणजे संदर्भ लागेल. जन्म १७९८, हाप्सालू, म्हणजे आजचं एस्टोनिया. वडील रशियन सैन्यात मेजर जनरल, आई बाल्टिक जर्मन. घराणं रुरिक वंशातलं, म्हणजे रोमानोव गादीवर बसायच्या कितीतरी आधीपासूनचं राजवंशी, पण पैसा बेताचाच. १८११ मध्ये पीटर्सबर्गजवळ त्सारस्कोये सेलोचं लिसे, म्हणजे बड्या घरच्या मुलांची निवासी शाळा, उघडलं, पहिल्या तुकडीत ३० मुलं, त्यात हा आणि पुढे कवी म्हणून गाजलेला पुश्किन. १८१७ मध्ये बाहेर पडला तो थेट परराष्ट्र खात्यात. ट्रोपाउ, लायबाख, वेरोना इथल्या राजेलोकांच्या परिषदा, मग लंडन, रोम, बर्लिन, फ्लोरेन्स, व्हिएन्ना अशी नोकरी. १८५६ मध्ये परराष्ट्रमंत्री, १८६७ मध्ये चॅन्सलर, १८८२ मध्ये निवृत्त. मंत्री म्हणूनच २६ वर्षं!

तर चॅन्सलरला काय म्हणू? प्रिन्सला काय? स्टेट्समनला मुत्सद्दी चालेल का? आणि ह्याची जी सगळीकडे ओळखपाळख होती, मूळ लेखात कनेक्शन्स म्हटलंय, त्याला वशिला म्हटलं तर बिचाऱ्याची बदनामी होते का?

प्रतिसाद

कुलपती नकोच. आपल्याकडे कुलपती म्हटलं की राज्यपाल आणि पदवीदान समारंभ. मूळ संस्कृतातही कुलपती म्हणजे दहा हजार शिष्यांना अन्नपाणी देऊन शिकवणारा ऋषी, त्याचा आणि झारच्या दरबाराचा काय संबंध. पेपरात जर्मनीच्या बाबतीत सरळ चॅन्सलर छापतात, तेच ठेवा.

प्रतिसाद

चॅन्सलर ठेवलात तर एक तळटीप हवीच ताई, कारण वाचक जर्मनीचा चॅन्सलर बिस्मार्क आठवून समजणार की गोर्चाकोव हा रशियाचा पंतप्रधान होता. तसं नव्हतं. रशियात चॅन्सलर हे खरं म्हणजे पद नाही, दर्जा आहे. पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये दर्जांचा तक्ता काढला, १४ पायऱ्या, लष्कर, दरबार आणि मुलकी नोकरी सगळ्यांना एकच शिडी. मुलकी बाजूची सगळ्यात वरची पायरी म्हणजे चॅन्सलर, आणि ती बहुतेक वेळा परराष्ट्र खातं सांभाळणाऱ्याला मिळायची. गोर्चाकोव १८१७ मध्ये नोकरीला लागला, त्याला बरोब्बर ५० वर्षं झाली तेव्हा त्याला हा दर्जा दिला. काम तेच, खुर्ची तीच, फक्त शिडीवरची पायरी बदलली. त्याच्यानंतर हा दर्जा रशियात कुणालाच मिळाला नाही.

ह्या पायरीला रशियनमध्ये चिन म्हणतात आणि चिन असलेला तो चिनोव्निक, म्हणजे सरकारी अधिकारी. (चीन देशाशी काही संबंध नाही, चीनला ते लोक किताय म्हणतात.) प्रत्येक पायरीला हाक मारायची पद्धतही ठरलेली. नवव्या ते चौदाव्या पायरीला नुसतं "आपलं सुकुलीनत्व" छाप काहीतरी, आणि पहिल्या दोन पायऱ्यांना अख्खी ओळ भरेल एवढं लांबलचक संबोधन. आपल्या राजश्रिया विराजित राजमान्य राजश्रीची आठवण यावी असं.

प्रतिसाद

प्रिन्सबद्दल मी सांगतो. रशियनमध्ये शब्द आहे क्न्याज. जर्मन क्योनिग म्हणजे राजा, इंग्रजी किंग, हे सगळे एकाच जुन्या जर्मॅनिक शब्दाचे वंशज. पण हळूहळू क्न्याजची किंमत उतरत गेली. आधी क्न्याज म्हणजे स्वतःचं राज्य असलेला राजा, मग मॉस्कोने एकेक राज्य गिळलं आणि त्या राजांचे वंशज मॉस्कोच्या दरबारात मानकरी होऊन उभे राहिले, किताब तेवढा उरला. गोर्चाकोव त्यातलाच, चेर्निगोवच्या राजाचा वंशज. राजपुत्र म्हणजे झारचा मुलगा, त्याला वेगळा शब्द आहे, वेलीकी क्न्याज.

आणि काउंट म्हणजे ग्राफ, तो जर्मनमधून उसना आणलेला आणि झारने दिलेला किताब. म्हणजे क्न्याज बहुतेक जन्माने, ग्राफ बक्षिसाने. त्यामुळे जुने क्न्याज नव्या ग्राफांकडे नाक मुरडून बघायचे, असं मी समजतो. आपल्याकडे वतनदार आणि नव्याने सरंजाम मिळालेला ह्यांच्यात जे चालायचं तेच.

मूळ लेखिका

भारी! मग "सरदार गोर्चाकोव" लिहू का? की डोळ्यासमोर घोड्यावरचा माणूस येतो? ह्या बाबाने आयुष्यात तलवार धरली नाही.

प्रतिसाद

नको नको. आणि तलवार धरणारा गोर्चाकोव वेगळाच आहे, मिखाइल, ह्याच्याच घराण्यातला, क्रिमियन युद्धात १८५५ मध्ये सेवास्तोपोलला सेनापती होता. सरदार लिहिलंत तर वाचक दोघांची खिचडी करतील. क्न्याज गोर्चाकोव लिहा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा, संपलं. आपण नवाब, निजाम, लॉर्ड कुठे भाषांतर करतो?

प्रतिसाद

आता मुत्सद्दी. हा माझा आवडता शब्द म्हणून जरा लांबण लावतो, माफी.

मुत्सद्दी अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा अर्थ कारकून, हिशेबनीस, सरकारी कामाला नेमलेला माणूस असा होता. मुघल काळात सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. पेशवाईत सरदार आणि मुत्सद्दी अशी जोडी होती, एक तलवारीचा, एक लेखणीचा. मग लेखणीवाल्यांच्या हातात तह, वाटाघाटी, खलबतं आली आणि मुत्सद्दी म्हणजे राजकारण कोळून प्यायलेला असा अर्थ झाला. म्हणजे कारकुनाचा स्टेट्समन झाला.

आता चॅन्सलर बघा. लॅटिनमध्ये कान्सेली म्हणजे जाळी, कोर्टातल्या त्या जाळीपाशी उभा राहणारा हुजऱ्या-लेखनिक तो कान्सेलारिउस. त्याचाच पुढे कान्सलर झाला आणि त्याच्या ऑफिसला रशियनमध्ये कान्सेल्यारिया म्हणतात, आपली कचेरी. म्हणजे तिकडेही जाळीपाशी उभा असलेला कारकून साम्राज्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला. (तिकीट कॅन्सल करतो ते कॅन्सलही ह्याच जाळीतून आलंय, लिहिलेल्यावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या की जाळी दिसते.)

तेव्हा ताई, गोर्चाकोवला मुत्सद्दी म्हणा, डोळे मिटून म्हणा.

प्रतिसाद

वा! आणि ह्यात माझी भर. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानात परराष्ट्र व्यवहार कोणाकडे? सुमंताकडे. आणि सुमंत हे संस्कृत नाव द्यायच्या आधी त्याला म्हणत डबीर. फारसी दबीर म्हणजे लेखनिक! परत कारकूनच.

आणि ह्याच ओळीतला अजून एक, वकील. पेशव्यांचा वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात बसलेला प्रतिनिधी, आजच्या भाषेत राजदूत. आता वकील म्हटलं की काळा कोट. एक शब्द चढला, एक उतरला. (वकील मंडळींनी राग मानू नये.)

मूळ लेखिका

अहो हे सगळं लेखातच घालावंसं वाटतंय. पण कनेक्शन्सचं काय? उदाहरणं देते, तुम्हीच ठरवा.

एक. पुश्किन १८२४ पासून मिखाइलोव्स्कोये गावी नजरकैदेत होता. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम ज्या पेश्चुरोववर सोपवलेलं तो गोर्चाकोवचा मामा की काका, अंकल असं लिहिलंय, इंग्रजीची ही एक डोकेदुखी. १८२५ मध्ये गोर्चाकोव त्याच्याकडे उतरला होता आणि पुश्किन तिथे जाऊन त्याला भेटला. म्हणजे पहारेकऱ्याच्याच घरी दोस्ताची भेट.

दोन. त्याच वर्षी डिसेंबरात पीटर्सबर्गला झारविरुद्ध बंड झालं, लिसेमधला दुसरा मित्र पुश्चिन त्यात अडकला. दुसऱ्या दिवशी गोर्चाकोव परदेशचा पासपोर्ट घेऊन त्याच्या दारात गेला, पळून जा म्हणाला, असं सांगतात. पुश्चिनने नाकारलं आणि सैबेरिया भोगला.

तीन. १८३८ मध्ये लग्न केलं, त्याच वर्षी नोकरी सोडली. बायको मारिया, उरुसोव घराण्यातली, मुसिन-पुश्किन घराण्यातल्या काउंटची विधवा. (हे पुश्किन वेगळे.) १८४१ मध्ये परत नोकरीत, ह्यावेळी व्युर्टेम्बर्गच्या राजधानीत, स्टुटगार्टला. तिथे असताना झार निकोलसची मुलगी ओल्गा हिचं व्युर्टेम्बर्गच्या युवराजाशी १८४६ मध्ये लग्न झालं. मग फ्रांकफुर्ट, तिथे बिस्मार्कशी ओळख. मग व्हिएन्ना, ऐन क्रिमियन युद्धात.

प्रतिसाद

हे तिन्ही एका शब्दात बसवायला जाऊ नका. पहिल्यात ओळख. दुसऱ्यात मैत्री, दुसरं काही नाही. तिसऱ्यात सोयरीक. वशिला म्हणजे स्वतःच्या फायद्यासाठी वापरलेली ओळख, आणि मराठीत वशिल्याचं तट्टू म्हटलं की माणूस संपला. गोर्चाकोव तट्टू नक्कीच नव्हता. उलट आधीचा परराष्ट्रमंत्री नेसेलरोडशी त्याचं कधी जमलं नाही, वशिला असता तर ५८ व्या वर्षापर्यंत मंत्रिपदाची वाट बघत बसला नसता.

प्रतिसाद

एकत्र म्हणायचंच तर लागेबांधे आहे की. रशियनमध्ये कनेक्शन्सला स्व्याझी म्हणतात, त्यातला धातू बांधणे, विणणे असाच आहे. लागेबांधे मध्ये पण बांधणंच आहे. फक्त आपल्याकडे लागेबांधे म्हटलं की पाठोपाठ "उघडकीस" येतं, हा पेपरवाल्यांचा दोष.

मूळ लेखिका

लागेबांधे फायनल. आता खरा अडलेला शब्द. क्रिमियन युद्धात रशिया हरल्यावर झालेल्या पॅरिसच्या १८५६ च्या तहाने रशियाला काळ्या समुद्रात नौदल ठेवायला बंदी झाली. गोर्चाकोवने मंत्री झाल्यावर त्याच वर्षी सगळ्या वकिलातींना फ्रेंचमध्ये पत्रक पाठवलं. त्यातलं प्रसिद्ध वाक्य, "रशिया रुसलाय असं म्हणतात. रशिया रुसलेला नाही. रशिया..." आणि पुढे अडले. फ्रेंच क्रियापद आहे स रक्योय्यीर.

प्रतिसाद

आधी रुसलाय बद्दल टाळ्या! फ्रेंच बुदे म्हणजे नेमकं रुसणं, गाल फुगवून बसणं. रशियनमध्ये ह्याचं "रागावलाय" झालंय, त्यात मजा गेली. राग राजाला येतो, रुसतं लहान मूल नाहीतर जावई. युरोप रशियाला जावई समजत होता आणि गोर्चाकोव तेच झटकतोय.

आता रक्योय्यीर म्हणजे स्वतःला गोळा करणं, प्रार्थनेआधी चित्त एकवटतात तसं. रशियनमध्ये सोस्रेदोताचिवायेत्स्या, मध्याशी येणं, एकाग्र होणं. "रशिया एकाग्र होतोय" लिहिलंत तर दहावीचा अभ्यास वाटेल.

प्रतिसाद

रशिया सावरतोय?

प्रतिसाद

सावरतोय मध्ये फक्त पडल्याचं दुखणं दिसतं. पुढचा इतिहास बघा की. १४ वर्षं गप्प. १८७० मध्ये प्रशियाने फ्रान्सला लोळवलं, तहाचा मुख्य रखवालदारच आडवा, आणि त्याच ऑक्टोबरात गोर्चाकोवचं दुसरं पत्रक, काळ्या समुद्राची बंदी आम्ही मानत नाही. १८७१ च्या लंडन परिषदेत सगळ्यांनी मुकाट मान डोलावली. एक गोळी न झाडता. ह्याला दबा धरून बसणं म्हणतात.

आणि मधल्या काळात सगळीकडे गप्प होता असंही नाही. १८६४ चं मध्य आशियावरचं पत्रक वाचा. म्हणे सुसंस्कृत राज्याच्या सीमेवर भटक्या टोळ्या असल्या की नाइलाजाने पुढे सरकावं लागतं, अमेरिका, फ्रान्स, हॉलंड, हिंदुस्थानातले इंग्रज सगळ्यांचं हेच झालं, कुठे थांबायचं हेच अवघड. पुढच्याच वर्षी ताश्कंद घेतलं. भटाला दिली ओसरी! कलकत्त्यातल्या इंग्रजांची झोप उगाच नव्हती उडाली.

प्रतिसाद

दबा धरून हा आपला, नंतरच्या माणसांचा अर्थ झाला. पत्रकात तो उघडपणे दबा धरलाय असं कसं लिहील? मुत्सद्दी ना तो? दोन्ही अर्थ पोटात ठेवणारा शब्द हवा. "रशिया स्वतःला आवरून बसलाय." आवरणं म्हणजे राग आवरणं पण आणि घर आवरणं पण. त्या काळात भूदासांना मुक्त करायचं काम घरात चाललंच होतं, १८६१ मध्ये झालं.

मूळ लेखिका

आवरून! अहो हाच. "रशिया रुसलाय असं म्हणतात. रशिया रुसलेला नाही. रशिया स्वतःला आवरतोय." बसलाय काढलं, कारण बसलाय म्हटलं की परत रुसून बसलाय वाटतं. दोन दिवस डोकं खाल्लं होतं ह्या वाक्याने.

लेखाचा शेवट १८७८ च्या बर्लिन परिषदेवर येतो. तुर्कांना हरवून मिळवलेलं बरंचसं तिथे सोडावं लागलं, हा ८० वर्षांचा, प्रकृती खालावलेली, निम्मं काम रशियाचा दुसरा प्रतिनिधी शुवालोव ह्यानेच केलं. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात काळं पान असं हा म्हणाला आणि झारने त्यावर "माझ्याही" असा शेरा मारला, असं सांगतात. १८८३ मध्ये बाडेन-बाडेनला वारला. शेरा शब्द तरी बरोबर आहे ना?

प्रतिसाद

शेरा एकदम बरोबर, कचेरीतलाच शब्द. एक राहिलं. पुश्किनने १८२५ च्या लिसेच्या वाढदिवसाच्या कवितेत विचारलंय की आपल्यातला कोण म्हातारपणी हा दिवस एकटाच साजरा करेल. तो गोर्चाकोव निघाला, पहिल्या तुकडीतला शेवटचा. त्याच कवितेत ह्याला श्चास्तलीवेत्स म्हटलंय, पहिल्या दिवसापासूनचा नशीबवान. ते घ्या लेखात.

मूळ लेखिका

घेते. पण नशीबवान की भाग्यवान?

प्रतिसाद

भाग्यवान नको, आमच्याकडे भाग्यवान फक्त बायकोला म्हणतात.