घरी निघताना: आनंदीबाई, आपल्या पणज्या आणि आपण

नातीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आनंदीबाई जोश्यांचं काढून बसले होते. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई होत्या, इथवर सगळ्यांना पाठ असतं. मी अडकले पुढच्या महिन्यांत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात डॉक्टरची जागा ठरलेली, अंगात क्षय, आणि ऑक्टोबरात परतीचं जहाज. आधी इंग्लंड, मग सुएझमार्गे मुंबई. नोव्हेंबरात पोचल्या, फेब्रुवारीत गेल्या. वय पुरतं बावीसही नाही. तसल्या खोकल्यात बाईने पेट्या कशा भरल्या असतील हो?

त्यावरून आमचं हॉस्टेल आठवलं. परीक्षा संपली की होल्डॉलवर दोघी बसायच्या, तिसरी पट्टा आवळायची. गाद्या, पुस्तकं, शिवाय वॉर्डनबाईंनी घरच्यांसाठी दिलेली चिठ्ठी (ती वाटेत उघडून वाचायचीच).

कुणाच्या घरात त्या काळी बाहेरगावी राहून शिकलेली बाई असेल तर ती घरी कशी यायची ते लिहा. स्वतःचंही चालेल.

सुलूमावशी
आमची पणजी पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजात. कॉलेज १८७० चं, ती नव्वदीनंतर होती. घर वाईला. वडील न्यायला यायचे, एकटीने गाडीत बसायची बात नाही. वाठार स्टेशनला उतरून पुढे बैलगाडी. पेटीत तळाला पुस्तकं, त्यावर लुगडी, अगदी वर सासरच्यांसाठी चितळी खण, कारण पेटी सासूबाई उघडायच्या. खण बघून त्या खूश, खाली हात जायचाच नाही. आजी हे सांगताना अजून हसायची. बाकी दुपारी, गिरणीत जायचंय.

दर्यावर्दी
वाठार काय घेऊन बसलात, आमचं रत्नागिरी! खापरपणजी कामा हॉस्पिटलात सुईणपण शिकायला होती. पावसाळ्यात आगबोट बंद, त्यामुळे सुट्टी वगैरे नंतर, आधी बोट कधीपर्यंत चालू ते बघायचं. एकदा चुकली की आषाढ-श्रावण मुंबईतच. बोट धक्क्याला लागत नसे, लांब पाण्यात उभी. तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, लुगड्याचा काचा घट्ट मारून. खलाशी आधी पेटी घ्यायचे, मग माणूस. पेटी भिजली तर रडणं, माणूस भिजला तर हसणं.

मीरा_प
@दर्यावर्दी 😂😂 शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं.

अभय_७१
डॉक्टर रखमाबाईंना कोणी आठवणार की नाही? १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. १८८९ ला लंडनला गेल्या, १८९४ ला डॉक्टरीचं शिक्षण पुरं झालं. आणि बोट लागणार कुठे, तर त्याच मुंबईत! त्या पेटीत काय होतं यापेक्षा ती उचलून परत यायची हिंमत मला मोठी वाटते. नंतर सुरतेत बरीच वर्षं दवाखाना सांभाळला.

सुलूमावशी
अभय, खरंय. पण पेटीत काय होतं तेही हवंच की. बायकांच्या गोष्टी त्यातच सापडतात.

हडसनकाठ
आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीपासून तासाभरावर. आनंदीबाईंच्या अस्थी तिथल्या स्मशानात आहेत, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घराण्याच्या जागेत. त्यांना आनंदीबाई मावशी म्हणायच्या. आई भारतातून आली तेव्हा घेऊन गेलो. आई दगडासमोर एवढंच म्हणाली, "गेली घरी आणि राहिली इकडे." मग गाडीत बसून गुडघ्याला बाम लावत बसली. गंमत म्हणजे त्याच गावात व्हासर हे तेव्हाचं मुलींचं कॉलेज १८६५ ला सुरू झालं, आनंदीबाई जन्मल्या त्याच वर्षी.

टिंबटिंब
आनंदीबाईंच्या कॉलेजातल्या तिघींचा तो फोटो पाहिलाय का? आनंदीबाई साडीत, जपानची केई ओकामी किमोनोत, तिसरी सीरियाची सबात इस्लामबुली. ओकामी १८८९ ला डॉक्टर होऊन टोकियोला परतली आणि कामाला लागली. प्रत्येकीचं घर वेगळ्या दिशेला. मोबाइलवर लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

नाना_नाशिक
मी मुलगा, तरी चालेल ना? दिवाळीला घरी जाताना मेसवाल्या मावशी डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून द्यायच्या. मनमाडच्या पुढे जाईपर्यंत ती संपायची. एवढंच.

मीरा_प
चालेल काय, पळेल. कृती टाका.

रोहिणी_क
@हडसनकाठ विषय सोडून विचारते, माफ करा. लेकीला त्या भागातल्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय. आसपास भारतीय दुकान आहे का? वजनाची मर्यादा बघता काय काय भरू?

हडसनकाठ
@रोहिणी_क अभिनंदन! डाळ-तांदूळ अजिबात नको, सगळं मिळतं. मेतकूट, गोडा मसाला आणि आमसुलं मात्र भराच. बाकी व्यनि (खाजगी निरोप) करते.

दर्यावर्दी
आमसुलं रत्नागिरीची घ्या, पत्ता देतो.