‘ओप्पा’ला मराठीत काय म्हणायचं? (दादा सोडून)

घणसोलीकरीण: एका कोरियन मालिकेची मराठी सबटायटलं करतेय. परवा फाइल द्यायची आहे आणि ‘ओप्पा’पाशी गाडं अडलंय. कोरियनमध्ये बाईने थोरल्या भावाला ओप्पा म्हणायचं (पुरुषाने म्हणायचा शब्द वेगळा, ह्यंग). पण शेजारचा मुलगा, कॉलेजातला सीनियर आणि ज्याच्यावर जीव जडलाय तो, हे सगळेही ओप्पाच. सहा भाग ही त्याला ‘सीनियर’ म्हणून हाक मारते. सातव्यात बसस्टॉपवर, पावसात, छत्री पुढे करत पहिल्यांदा ओप्पा म्हणते. तो नुसता बघत राहतो. सगळा सीन त्या एका शब्दावर. मी ‘दादा’ लिहिलं तर आई म्हणाली, "अगं, राखी बांधतेय का त्याला?"

तलावपाळी: ओप्पाच ठेवा. माझी भाची आणि तिची अख्खी बॅच दिवसभर ओप्पा-ओप्पा करत असते. ऑक्सफर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये एकदम २६ कोरियन शब्द कोशात घेतले, त्यात हाही आहे.

मुद्रितशोधक: ऑक्सफर्डने घेतला म्हणून आपण? सावरकरांनी दिग्दर्शक, मध्यंतर दिले, ते रुळलेच ना? मुळात ‘सबटायटलं’ कशाला? उपशीर्षके म्हणा.

तलावपाळी: उपशीर्षक म्हणजे लेखातला छोटा मथळा. आणि तुमच्या घरात अक्का आहेत ना? तो शब्द कन्नडचा.

मुद्रितशोधक: अक्कांना मध्ये आणू नका.

ऐरोलीची काकू: ‘अहो’ लिही गं. माझ्या सासूबाई आत्याच्याच घरी दिलेल्या. लग्नाआधी सासऱ्यांना आबादादा म्हणायच्या. हळदीच्या दिवशी आजीने दटावलं, आता दादा म्हणायचं नाही. मग अहो. पण ते तोंडात बसेपर्यंत तीन-चार महिने त्या काहीच म्हणत नसत, बोलवायचं झालं की बांगड्या वाजवायच्या. तुझा सीन आमच्याकडे कधीच होऊन गेलाय, फक्त उलट्या बाजूने.

घणसोलीकरीण: काकू, केवढं गोड! पण बांगड्या सबटायटलात कशा बसवू? एका ओळीला ४२ अक्षरं, ओळी दोनच. आणि ‘अहो’ म्हटलं की थेट मंगळसूत्रच दिसतं हो.

दिवाळे गाव: आमच्या आगरी-कोळ्यांत ‘दादूस’ हाय ना. भावालाही दादूस, मित्रालाही दादूस. मान पण हाय, लाड पण हाय.

मुद्रितशोधक: प्रमाण मराठीत दादूस चालणार नाही.

दिवाळे गाव: प्रमाण कोनाचा? सिडको यायच्या आदी हितं कोन व्हता?

खारेगावचा जावई: एक गंमत. कोरियनमध्ये वडील आप्पा, आई ऑम्मा. तमिळमध्ये अप्पा, अम्मा. अयोध्येची राजकन्या कोरियात राणी झाल्याची कथा आहेच, शब्द तिच्याबरोबरच गेले असणार.

ऐरोलीची काकू: कसली राजकन्या! पोरांना ओठ मिटून आधी प आणि म च येतात. माझा नातू मिक्सरलाही मम्मा म्हणतो.

तलावपाळी: मूळ प्रश्नावर येऊ का? आपल्याकडे हे काम तू-तुम्ही करतं. मी बायकोला वर्षभर तुम्ही म्हणत होतो, ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत ती मागे राहिली आणि तोंडातून गेलं, "अगं, हात धर ना!" दोघंही फलाटापर्यंत गप्प. सहा भाग ‘तुम्ही’ ठेवा, सातव्यात ‘तू’ करा.

मुद्रितशोधक: ओप्पात आदर आहे, तो ‘तू’मध्ये मावळतो.

दिवाळे गाव: आमच्यात आजीला पन तूच बोलतात. आदर काय मावललाय?

खारेगावचा जावई: ती राजकन्येची कथा त्यांच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे, कृपया हसण्यावारी नेऊ नका.

घणसोलीकरीण: फाइल गेली. ओप्पा ठेवलं आणि त्या सीनपासून तिला ‘तू’वर आणलं. आत्ताच तपासणाऱ्याचा शेरा आलाय: "ओप्पा नव्हे, आप्पा. सगळीकडे शुद्धलेखन तपासा."

ऐरोलीची काकू: अगं बाई! म्हणजे आता ती पावसात वडिलांना छत्री देणार?

मुद्रितशोधक: शेराही चुकीचाच. शुद्ध असेल तर तपासायचं कशाला? ‘लेखन तपासा’ हवं.