'प्रमाण जास्त' म्हणजे नक्की काय जास्त?

अर्धविराम: मेंदूच्या मोजमापावरचा एक लेख तपासतेय. एके ठिकाणी म्हटलंय, 'स्त्रियांच्या मेंदूत करड्या द्रव्याचं (चेतापेशींनी भरलेल्या भागाचं) प्रमाण जास्त असतं.' दोन परिच्छेद खाली, 'करडं द्रव्य पुरुषांच्या मेंदूत जास्त असतं.' मी लाल खूण केली, तर लेखक म्हणतात दोन्ही बरोबर! असं कसं?

वाटसरू: बरोबरच आहेत. घोळ 'प्रमाण'चा आहे. 'पावसाचं प्रमाण वाढलं' म्हणताना आपण नुसतं 'किती' एवढंच सांगत असतो. 'लोकसंख्येच्या प्रमाणात' म्हटलं की मात्र भागाकार आला. तुमच्या लेखकाला दुसरा अर्थ हवाय, वाचणारा पहिला घेणार.

पुरुषांचा मेंदू सरासरीने साधारण १० टक्के मोठा. त्यामुळे करडं द्रव्य घन सेंटिमीटरमध्ये मोजलं तर ते पुरुषांत जास्त भरतं. त्याला अख्ख्या मेंदूच्या घनफळाने भागा, स्त्रिया पुढे जातात. मेंदू जितका मोठा, तितकं त्यातलं श्वेत द्रव्य, म्हणजे जोडणाऱ्या तंतूंचा भाग, करड्यापेक्षा जास्त वेगाने वाढतं, कारण लांबच्या भागांना जोडायला तंतूही जास्त लागतात. म्हणजे या उलटापालटीत बराचसा हात मेंदूच्या आकारमानाचाच. 'करड्या द्रव्याचा वाटा' लिहा, प्रश्न मिटला.

अर्धविराम: 'वाटा' झकास! शीर्षक 'मेंदूतील लिंगभेद' आहे, ते चालेल?

शब्दखोर: नको. लिंगभेद म्हटलं की आधी भेदभाव आठवतो. 'द्विरूपता' (नर-मादीची दोन वेगळी रूपं) हीही नको, ती मोर-लांडोरीला शोभते, बघताक्षणी ओळखू येते. २०१५ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १४०० हून जास्त मेंदूंचे एमआरआय पाहिले. सगळे भाग एकाच, म्हणजे फक्त 'पुरुषी' किंवा फक्त 'स्त्री' टोकाचे असलेले मेंदू क्वचितच सापडले, बहुतेक सरमिसळ. साधं 'सरासरी फरक' म्हणा.

वाटसरू: सहमत, पण म्हणून फरक झाकूही नका. २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ५,२१६ जणांचे मेंदू मोजले, त्यात एकूण घनफळातला फरक चांगलाच ठळक होता. तो वजा केल्यावर भागाभागांतले बरेच फरक रोडावले. सगळे गेले नाहीत.

शब्दखोर: जाता जाता 'आकार'ही तपासा. 'मेंदूचा आकार मोठा' सर्रास लिहितात, ते 'आकारमान' हवं. एके ठिकाणी मात्र 'आकार'ही हवा. १९८२ मध्ये १४ मेंदूंवरून (९ पुरुष, ५ स्त्रिया) दावा झाला की दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमचं मागचं टोक स्त्रियांत मोठं आणि जास्त गोलसर असतं. तो दावा आकार आणि आकारमान दोन्हींबद्दल होता. १९९७ मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दोन्हींत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. आणि एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टर ब्रोकाचा उल्लेख असेल तर तिथे 'वजन'च ठेवा, त्याने मेंदू तराजूत घातले होते. पुरुषांचे सरासरी १,३२५ ग्रॅम, स्त्रियांचे १,१४४.

अर्धविराम: आता वाक्य असं केलंय: 'करडं द्रव्य पुरुषांत सरासरीने जास्त, पण एकूण मेंदूतला त्याचा वाटा स्त्रियांत थोडा जास्त.'

शब्दखोर: छान. फक्त ते 'द्रव्य' मला खटकतं, मेंदूत कुणीतरी पैसा पुरून ठेवल्यासारखं वाटतं. सरळ 'ग्रे मॅटर' का नको?

अर्धविराम: लेखक ऐकायचे नाहीत. 'करडं'साठीच दोन फोन झालेत, त्यांना 'धूसर' हवं होतं.