ऑटोमॅटिक हॉर्सपॉवर 'खातो' हे म्हणणं आता तरी सोडा

रेडलाइन९०००
परवा मित्राशी कडाक्याचं वाजलं. त्याचं म्हणणं एकच, स्पोर्ट्स कार घ्यायची तर मॅन्युअलच, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पॉवर खातो. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि आता खरंच वैताग आलाय म्हणून हा धागा.

मुळात ब्रोशरमध्ये जो एचपीचा आकडा छापतात तो इंजिनच्या क्रँकशाफ्टवरचा (इंजिनमधून ताकद बाहेर आणणाऱ्या दांड्यावरचा) असतो, गिअरबॉक्समधून पार होऊन आलेला नसतो. मग जो हिशोबातच नाही तो खाणार काय? टोयोटा जीआर सुप्रा ३.० आधी फक्त ऑटोमॅटिक होती, २०२३ च्या मॉडेलपासून मॅन्युअल आली, दोन्हींना ३८२ एचपी. पोर्शे ९११ जीटी३ ची ९९२ पिढी घ्या, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असो की मॅन्युअल, ५०२. जिथे आकडा वेगळा दिसतो तिथे कंपनीने इंजिन तरी वेगळं दिलंय नाहीतर ट्यूनिंग तरी बदललंय. गिअरबॉक्सला कशाला बोल लावायचा?

तिसरा_पेडल
अजिबात पटलं नाही. मी क्रँकशाफ्ट चालवत नाही, गाडी चालवतो, आणि रस्त्यावर पोचते ती चाकाची ताकद. ऑटोमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात ताकद तेलातून पुढे जाते, तेल घसरतं, तापतं, शिवाय तेलाचा पंप सतत फिरवायचा तो वेगळाच. ही उष्णता येते कुठून, इंजिनच्याच खिशातून ना?

आणि 'आकडा सारखाच असतो' हेही आत्ताचं झालं. नव्वदच्या दशकातली निसान ३००झेडएक्स ट्विन टर्बो आठवा, मॅन्युअल ३०० एचपी, ऑटो २८०. २०१० ची शेवरले कॅमॅरो एसएस, मॅन्युअल ४२६, ऑटो ४००. सव्वीस एचपी कमी आणि आम्ही म्हणायचं की काही फरक नाही? तुमच्या मित्राचं काय चुकलं मला तरी कळलं नाही.

रेडलाइन९०००
कॅमॅरोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मॅन्युअलला एलएस३ इंजिन होतं आणि ऑटोला एल९९, दोन्ही ६.२ लिटरची व्ही८ पण एल९९ मध्ये आरामात जाताना अर्धे सिलिंडर बंद ठेवायची सोय होती. ते सव्वीस एचपी इंजिन बदलल्यामुळे गेले, गिअरबॉक्समुळे नाही. कन्व्हर्टरचं म्हणाल तर जुन्या चार-स्पीड ऑटोंबद्दल तुमचं खरं आहे, पण आताचे आठ आणि दहा स्पीडचे बॉक्स गाडी हलली की थोड्याच वेळात कन्व्हर्टर लॉक करतात, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडतात, मग घसरणं संपलं. पीडीकेमध्ये तर कन्व्हर्टरच नाही, दोन क्लच आहेत.

रोटरीवेडा
माझदाच्या रोटरी इंजिनवाल्या आरएक्स-८ चं नाव कोणीच कसं काढलं नाही? माझ्या फार जिव्हाळ्याची गाडी, त्यामुळे जरा लांबण लागेल, समजून घ्या.

२००४ च्या अमेरिकन मॉडेलात सहा-स्पीड मॅन्युअलला २३८ एचपी आणि चार-स्पीड ऑटोला १९७. एकाच नावाच्या गाडीत ४१ चा फरक! इथे रेडलाइन९००० म्हणतात तसंच होतं, इंजिन वेगळं, मॅन्युअलला सहा इनटेक पोर्ट (हवा आत घ्यायची तोंडं) आणि ऑटोला चार. पण २००६ ला ऑटोला सहा-स्पीड बॉक्स आला आणि इंजिनही सहा पोर्टचं मिळालं. तरी आकडा २१२ विरुद्ध २३२. आता का? कारण ऑटोची रेडलाइन, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची वरची मर्यादा, ७५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ठेवली आणि मॅन्युअल मात्र ९००० पर्यंत मोकळी सोडली.

हिशोब करून बघा. एचपी म्हणजे पाउंड-फूटमधला टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम भागिले ५२५२. ७५०० ला २१२ एचपी म्हणजे टॉर्क साधारण १४८ आला. मॅन्युअलचे ८५०० ला २३२ म्हणजे १४३. टॉर्क कमी आणि एचपी जास्त! नुसते फेरे वाढले म्हणून वीस एचपी पदरात पडले. तेव्हा ऑटोने पॉवर खाल्ली नाही हे कबूल, पण ऑटोच्या गाडीत इंजिनला वर चढूच दिलं नाही, आणि आरएक्स-८ मध्ये सगळा जीव त्या वरच्या दीड हजार फेऱ्यांत आहे. 'गिअरबॉक्सचा संबंध नाही' हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. माझदाच्याच एमएक्स-५ मध्येही तेच, २००९ ला मॅन्युअल १६७ आणि ऑटो १५८.

रेडलाइन९०००
हे मान्य, माझं वाक्य फार सरसकट झालं. गिअरबॉक्समुळे इंजिनवर मर्यादा घातली जाऊ शकते. खाणं आणि अडवणं यात फरक आहे एवढंच माझं.

क्लचकिट
तुम्ही सगळे जुन्या ऑटोवाल्यांसाठी हळहळताय, आता अडवणूक कोणाची होते ते बघा ना. २०२१ ला आलेली बीएमडब्ल्यू एम३, मॅन्युअल हवी तर ४७३ एचपी आणि ५५० न्यूटन मीटर. ५०३ एचपी आणि ६५० न्यूटन मीटर हवेत तर तिचीच 'कॉम्पिटिशन' नावाची वरची आवृत्ती घ्या आणि ती फक्त ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच मागितला की वाटाण्याच्या अक्षता.

२०२५ ची एम२ तर अजून बोलकी आहे. एचपी दोन्हींना ४७३, पण टॉर्क मॅन्युअलला ५५० आणि ऑटोला ६००. वरचं टोक सारखं आणि मधल्या फेऱ्यांतली ओढ छाटलेली, आणि रोज पायाखाली जाणवते ती ही मधलीच ओढ. फक्त एचपी वाचणाऱ्याला हा फरक कधी दिसणारच नाही. माझ्या मते कारण सरळ आहे, टर्बो इंजिनांचा टॉर्क इतका वाढला की मॅन्युअल बॉक्स आणि क्लच किती सोसणार याची कंपन्यांना धास्ती वाटते. पण मग तसं स्पष्ट छापा, गिऱ्हाइकाला कळू दे की काय घेतोय.

तिसरा_पेडल
छापायलाच हवं, यावर मी क्लचकिट यांच्या बाजूने.

पॅडलशिफ्ट
पण एवढं एचपी मोजून शेवटी मिळतं काय? जीटी३ मध्ये दोन्हींना ५०२, मॅन्युअल उलट १७ किलोने हलकी, तरी कंपनीच्याच आकड्यांत ० ते १०० ला पीडीके ३.४ सेकंद आणि मॅन्युअल ३.९. अर्धा सेकंद गेला तो गिअर बदलताना आणि सुटताना. माणसाचा पाय दोन क्लचच्या बॉक्सला गाठूच शकत नाही, मला यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

रोटरीवेडा
टोयोटा जीआर८६ बघा मग. दोन्हींना २२८ एचपी, ० ते ६० मैलांना कंपनी सांगते मॅन्युअल ६.१ आणि ऑटो ६.६. इथे पाय जिंकला! ऑटोचं फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) उंच आहे, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाकं जास्त फिरतात पण जोर कमी मिळतो, गाडी त्यामुळे जरा सुस्त उठते. बॉक्सचा प्रकार बघून निकाल लागत नाही हो, त्यातले रेशो बघावे लागतात.

तिसरा_पेडल
रेशोचं पटलं. पण लॉक झालेला कन्व्हर्टर चाकापाशी काहीच कमी करत नाही हे अजून गळी उतरत नाही. कोणाकडे एकाच इंजिनच्या दोन गाड्यांचे डायनोचे (चाकापाशी ताकद मोजणाऱ्या मशीनचे) कागद असतील, एकाच मशीनवर, एकाच दिवशी, १:१ च्या जवळच्या गिअरमध्ये आणि कन्व्हर्टर लॉक असताना घेतलेले, तर टाका इथे. ऑटो बरोबरीने आला तर माझं म्हणणं मागे घेईन.