जुनं पोलादी पिस्तूल खरंच भरवशाचं, की नुसती सवय?

माडाखालचा (देवगड): आमच्याकडे मिरगाचा पाऊस लागला की पडवीतला कोयतासुद्धा चार दिवसांत तांबूस होतो. तरी माझं मत ठाम आहे: पिस्तूल असावं तर जुनं, पोलादी. फौजेत इशापूरच्या सरकारी कारखान्याचं ९ एमएम पिस्तूल वापरलं, म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाचाच भारतीय भाऊ. मूळ पिस्तूल १९३५चं. त्याचा आराखडा सुरू करणारे ब्राउनिंग १९२६ला वारले, काम बेल्जियमच्या एफएन कंपनीतल्या सैव्ह यांनी पुरं केलं. १३ गोळ्या, पाऊण किलोच्या वर वजन. दिवसभर पट्ट्याला ओढ बसते, पण गोळी सुटली की तेच वजन मनगट उडू देत नाही. माझं एकदाच अडकलं, तेही मॅगझिन (गोळ्यांची पेटी) फरशीवर पडून त्याचे ओठ, म्हणजे गोळी धरणाऱ्या वरच्या कडा, वाकले होते म्हणून.

सड्यावरचा: काका, हे प्रेम आजीच्या पितळी समईवरचं. छान दिसते, पण घासणार कोण? ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली ग्लॉक घेतलं. प्लॅस्टिकची फ्रेम (मुठीसकट खालचा सांगाडा), १७ गोळ्या आणि वजनही कमी. खाऱ्या वाऱ्यात प्लॅस्टिकला गंज चढत नाही, विषय संपला.

माडाखालचा: संपला कसा? स्लाइड (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) आणि नळी तिथेही पोलादाचीच ना! गंज बहुतेकदा आळसाने येतो. चामड्याच्या होल्स्टरात पिस्तूल पावसाळाभर ठेवून बघ, चामडं ओल धरतं आणि भाद्रपदात काढशील तेव्हा पोलादावर डाग पडलेले असतील. कोतमध्ये (फौजेच्या शस्त्रकोठीत) जमा करण्याआधी तेलाची चिंदी फिरवायची, एवढंच.

सड्यावरचा: म्हणजे चिंदी विसरली की भरवसा गेला! नव्या पिस्तुलांच्या स्लाइडला गंज रोखणारी प्रक्रिया केलेली असते, ती विसरभोळ्यालाही सांभाळून घेते. शिवाय तुमच्या हाय-पॉवरचा घोडा हाताला चावतो. मॅगझिन काढलं की चाप चालत नाही, आणि त्यासाठी जो दुवा घातलाय त्यानेच चाप जड होतो.

माडाखालचा: चावतो, कबूल. अंगठ्याच्या बेचक्यात खूण आहे अजून.

खाडीपलीकडचा: भांडताय कशावरून? ९ एमएम आपल्याला परवान्यावर मिळतच नाही, साध्या माणसाला .३२ बोअरच्या पिस्तुलावरच भागवावं लागतं. आणि आमच्या वाडीत परवाना म्हणजे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात. बाकी माकडं दोन्हींना भीत नाहीत.

माडाखालचा: माकडांचं सोड. अमेरिकन सैन्याने ‘१९११’ नावाचं पोलादी पिस्तूल मुख्य पिस्तूल म्हणून १९८५पर्यंत वापरलं, ते काय हौस म्हणून? आणि एफएनने हाय-पॉवर बंद केल्यावर २०२२ला त्याच धाटणीचं पुन्हा काढलंच ना?

सड्यावरचा: काढलं. पण गोळ्या १७ केल्या, आणि तो मॅगझिनचा दुवा काढून टाकला.

माडाखालचा: आणि फ्रेम?

सड्यावरचा: …पोलादी.